निवड कोणाच्या हाती? पालवणकर बंधू आणि हिंदू–युरोपियन सामने

फ्रान्स आणि नेदरलँड्स या दोन देशांच्या फुटबॉल संघांचा पहिला सामना १९०८ साली रॉटरडॅमला झाला. तेव्हा दोन्ही देशांच्या वसाहती जगभर पसरलेल्या होत्या, पण त्या वसाहतींतल्या काळ्या माणसाला या संघांत जागा नव्हती. फ्रान्सच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, राऊल दियान्य, १९३१ साली आला. नेदरलँड्सच्या संघात सुरिनामचा हम्फ्री मेनाल्स यायला १९६० साल उजाडावे लागले. हेच दोन संघ २४ मार्च २०२३ रोजी पॅरिसजवळ समोरासमोर आले, तेव्हा फ्रान्सचा कर्णधार होता किलियन एम्बापे. वडील कॅमेरूनचे, आई अल्जेरियन वंशाची. नेदरलँड्सचा कर्णधार होता व्हर्जिल व्हान डाइक. त्याची आई सुरिनामची. फ्रान्सने तो सामना ४-० असा जिंकला. कर्णधार म्हणून एम्बापेचा तो पहिलाच सामना होता.

आपल्याकडे तो सामना मध्यरात्रीनंतर सुरू झाला. इगतपुरीतली आमची काही मुले तो मोबाईलवर पाहून सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी वर्गात आली. इतिहासाचा तास होता. मी वसाहतवाद शिकवत होतो, म्हणून या दोन कर्णधारांचा दाखला दिला. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, आपल्याकडे असा कॅप्टन कधी झाला का? म्हणजे आपल्यातला?"

झाला. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १९२३ साली. त्याचे नाव विठ्ठल पालवणकर. वर्गात हे नाव एकालाही ठाऊक नव्हते. त्याचे थोरले भाऊ बाळू पालवणकर यांचे नाव दोघांनी ऐकले होते, तेही 'लगान' चित्रपटातल्या कचऱ्याच्या निमित्ताने. माझ्या स्वतःच्या घरी बाळूंचे नाव मी लहानपणी ऐकले ते एवढ्यापुरतेच, की हा माणूस निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला होता. त्यापलीकडे त्यांच्याबद्दल बोलण्याची कोणाला गरज वाटत नसे. आज मला ती गरज वाटते. बाळूंची बाजू घ्यावी म्हणून नव्हे. त्यांच्या आयुष्यात एक प्रश्न असा आहे की तो आपल्या चळवळीचाच प्रश्न आहे, म्हणून.

१

प्रथम त्या सामन्यांविषयी. मुंबई इलाख्यात क्रिकेटचे संघ गावाचे किंवा प्रांताचे नव्हते, ते जमातीचे होते. १८९२ पासून पारशी आणि युरोपियन यांच्यात दरवर्षी सामने होऊ लागले. १८९४ मध्ये परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना स्थापन झाला. १९०७ मध्ये हिंदू आले आणि स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमान आले आणि ती चौरंगी झाली, १९३७ मध्ये 'इतर' या नावाने ख्रिस्ती, ज्यू वगैरेंचा पाचवा संघ आला. १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद पडली.

या पाच संघांत अस्पृश्यांचा संघ नव्हता. 'इतर' मध्येही अस्पृश्यांची गणना नव्हती. अस्पृश्य हे हिंदूंत मोजले जात. मोजले जात, एवढेच. देवळात नाही, पाणवठ्यावर नाही, पंगतीत नाही. पण मोजणीच्या वेळी मात्र हिंदू. क्रिकेटच्या मैदानावरची ही मोजणी पुढे राजकारणाच्या मैदानावर आली तेव्हा काय झाले, ते आपण जाणतोच.

२

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, जातीने चांभार. वडील लष्करी नोकरीत होते. बाळूंचा जन्म गेल्याच्या आधीच्या शतकात, १८७५ च्या सुमारास धारवाडला झाला आणि बालपण पुण्यात गेले. पुण्यात ते प्रथम पारशांच्या एका क्लबात खेळपट्टीची देखभाल करण्यासाठी तीन रुपये महिन्यावर लागले, नंतर युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. कामे अशी: खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळी उभारायची, टेनिसची मैदाने आखायची आणि साहेब सरावाला आले की त्यांना गोलंदाजी करायची. ग्रेग नावाचे कॅप्टन साहेब त्या काळचे मोठे फलंदाज. त्यांना बाळूंनी तासन् तास चेंडू टाकले. बाद केले की आठ आणे बक्षीस मिळे, अशी कथा सांगतात. पण साहेबांच्या क्लबात बाळूंना कधी बॅट हाती मिळाली नाही. चेंडू टाकणे ही चाकरी होती आणि बॅट ही मालकी होती.

इथे 'लगान'विषयी एक शब्द बोलणे भाग आहे. २००१ च्या त्या चित्रपटात अस्पृश्य कचऱ्याचा चेंडू वळतो तो त्याचा हात जन्मतः अधू आहे म्हणून. त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो. नायक ते ओळखतो आणि त्याला संघात घेतो. बाळूंचा चेंडू वळत होता तो वर्षानुवर्षांच्या मेहनतीने. अस्पृश्याच्या गुणाला दैवी अपघात ठरवले की त्याच्या श्रमाचा हिशेब द्यावा लागत नाही. आपल्या लेखकांच्या, गायकांच्या, वादकांच्या बाबतीतही हेच केले जाते. त्यांच्यात ते 'उपजतच' असते म्हणे!

पुण्यातल्या हिंदूंना युरोपियनांविरुद्ध जिंकायचे होते, म्हणून बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला आणि अखेर ते घेतले गेले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्या हातचा चेंडू हाताळत. मात्र चहाच्या वेळी इतरांना कपबशीतून चहा मिळे आणि बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात. जेवणाचे पानही वेगळे. एकच चेंडू दोघांच्या हातात चालतो आणि एकच कप चालत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते? ते फक्त गरजेच्या शास्त्रात बसते. चेंडूवाचून सामना जिंकता येत नव्हता. कपावाचून येत होता.

३

१८९६ च्या प्लेगनंतर पालवणकर कुटुंब मुंबईला आले. बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. इथेही काही सभासदांची कुरकुर झाली, पण कर्णधार कीर्तिकरांनी आग्रह धरला. नोकरी बी. बी. सी. आय. रेल्वेत मिळाली. पाठोपाठ धाकटे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा जो सामना झाला तो हिंदूंनी १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी त्यात आठ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी साप्ताहिकाने या विजयाचे स्वागत करताना क्रिकेटपेक्षा एका गोष्टीवर अधिक भर दिला: जातीचा नियम बाजूला ठेवला म्हणून हा विजय मिळाला. पाच वर्षांनी, १९११ मध्ये, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची दुर्दशा झाली; २३ सामन्यांपैकी १५ हरले, सहाच जिंकले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राशी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते. म्हणजे ज्या माणसाला आपण आज फक्त बाबासाहेबांचा विरोधक म्हणून ओळखतो, तो एकेकाळी त्या तरुण भीमरावासह सगळ्या अस्पृश्य तरुणांचा अभिमान होता.

हे सगळे असूनही बाळू कधी हिंदू संघाचे कर्णधार झाले नाहीत. दरवर्षी त्यांचे नाव पुढे येई आणि दरवर्षी कर्णधार दुसराच होई. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी अशा बाळूंना मिळायला हवा होता. पैंचा हा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. परंतु एका सज्जन माणसाने सिंहासनावर बसून 'हे दुसऱ्याचे आहे' असे म्हटल्याने सिंहासन दुसऱ्याचे होत नाही. निवड करणारी समिती जिथे होती तिथेच राहिली.

आमच्या इगतपुरीच्या माणसाला हे समजवायला फार कष्ट पडू नयेत. कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात. तीच थळघाटाचा चढ गाडीला मागून रेटून वर आणतात. इगतपुरी आली की ती सुटतात आणि गाडी पुढे जाते. मुंबईहून नाशिकला जाणाऱ्या उताऱ्याला त्यांची आठवणही नसते. माझ्या वडिलांनी या घाटात गँगमन म्हणून काम केले, म्हणून हा दाखला मला सहज सुचला. हिंदू संघाने बाळूंचा उपयोग असाच केला.

४

आता १९२० साल पाहू. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तीत शाहू महाराजांनी अस्पृश्यांना सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस चौरंगी सामन्यांच्या वेळी हिंदू संघाच्या निवड समितीने बाळूंना संघातून वगळले. पै आजारी होते. कर्णधारपद द्यायचे झाले तर विठ्ठल ज्येष्ठतेने पुढे होते, पण ते पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिले गेले. देवधर हे थोर खेळाडू होते, यात वाद नाही. वाद त्यांच्या गुणाचा नव्हताच.

तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपण असे का केले ते वृत्तपत्रांतून जाहीर निवेदन देऊन सांगितले. आपल्याला जातीमुळे डावलले जाते, हा त्या निवेदनाचा आशय होता. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या पुस्तकांत या निवेदनाला ओळभरही जागा मिळालेली मी पाहिली नाही. वास्तविक हा बहिष्कार आहे, आणि तोही अस्पृश्यांनी सवर्णांवर घातलेला! सात वर्षांनी महाडला जे झाले त्याच्या कितीतरी आधी दोन अस्पृश्य तरुणांनी सांगितले की आमच्या श्रमावर तुमचा हक्क गृहीत धरू नका. परिणाम लगेच दिसला. पै कर्णधार म्हणून परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले, भाऊही खेळले. पारशांविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. सर्व आयुष्यात तेवढेच.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतले. अस्पृश्यता गेली, आता स्वराज्य दूर नाही, अशा अर्थाचे लिखाण वृत्तपत्रांत आले. १९२५ आणि १९२६ मध्येही विठ्ठलांच्या नेतृत्वाखाली हिंदू जिंकले.

आता याच वर्षांतली दुसरी तारीखवार यादी शेजारी ठेवू. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. मार्च १९२७ मध्ये तो ठराव प्रत्यक्षात आणण्यासाठी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, तेव्हा परतणाऱ्या सत्याग्रहींची डोकी फुटली आणि तळ्याचे शुद्धीकरण झाले. २ मार्च १९३० रोजी आमच्याच नाशिक जिल्ह्यात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष देवळाच्या बंद दरवाजापुढे उभे राहिले. हिंदूंच्या संघाचा कर्णधार अस्पृश्य होऊ शकला, पण हिंदूंच्या देवळाची पायरी अस्पृश्याला चढता आली नाही. खांद्यावर घेणारे हात आणि दगड मारणारे हात कदाचित वेगळे असतील. समाज एकच होता.

युरोपातही हे याहून फार वेगळे घडले नाही. १९९६ च्या युरोपीय स्पर्धेत फ्रान्स आणि नेदरलँड्स लिव्हरपूलला भेटले. सामना ०-० राहिला आणि पेनल्टीवर फ्रान्सने ५-४ असा जिंकला. डच संघाची हुकलेली पेनल्टी होती सुरिनाममध्ये जन्मलेल्या क्लेरेन्स सीडॉर्फची. त्याआधी त्याच संघातून सुरिनाममध्येच जन्मलेल्या एडगर डेव्हिड्सला प्रशिक्षकावर टीका केली म्हणून घरी पाठवले गेले होते, आणि जेवणाच्या वेळी काळे खेळाडू एका टेबलावर, गोरे दुसऱ्या टेबलावर बसल्याच्या छायाचित्रावरून गदारोळ झाला होता. जिंकणाऱ्या फ्रान्समध्येही सुख नव्हते. ल पेन नावाचा उजवा पुढारी तेव्हा सांगत होता की हा संघ खरा फ्रेंच नव्हे, हे लोक राष्ट्रगीत म्हणत नाहीत. दोनच वर्षांनी त्याच फ्रान्सने विश्वचषक जिंकला आणि लाखो लोक रस्त्यावर नाचले. जिंकलात तर आमचे, हरलात तर परके. ही अट काळ्या माणसाला लागते, गोऱ्याला लागत नाही. आपल्याकडेही तीच अट आहे.

५

आता बाळूंच्या राजकारणाकडे वळू, कारण तिथेच आपली अडचण आहे.

ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला आणि अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. गांधीजींनी येरवड्यात प्राणांतिक उपोषण आरंभले. त्या दिवसांत एम. सी. राजा आणि बाळू पालवणकर यांनी संयुक्त मतदारसंघांची बाजू घेतली, बाबासाहेबांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला, आणि २४ सप्टेंबरच्या पुणे कराराखाली बाळूंची सही आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बाळूंनी धर्मांतराला विरोध केला. फेब्रुवारी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

यावरून त्यांना गद्दार म्हणणे सोपे आहे. तसे म्हणणारी माणसे माझ्या घरातही होती आणि त्यांच्या रागाला कारण होते. पण इतिहासाच्या अभ्यासकाने रागाच्या पुढे एक पाऊल टाकायला हवे.

स्वतंत्र मतदारसंघ म्हणजे काय? आमचा प्रतिनिधी आम्ही निवडू, एवढेच. पुणे कराराने जागा वाढल्या, १४८ झाल्या. पण अखेरची निवड संयुक्त मतदारांच्या, म्हणजे बहुसंख्य सवर्णांच्या हाती गेली. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर संघातल्या आपल्या जागा वाढल्या आणि निवड समिती त्यांची राहिली. ज्या माणसाला दहा वर्षे एका समितीने कर्णधारपद नाकारले, त्याला हे सर्वांआधी कळायला हवे होते, असे आपण म्हणतो. मीही म्हणतो. परंतु त्यांच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. त्यांनी आयुष्यभर हिंदू संघात राहूनच एक एक इंच मिळवला होता. मातीच्या भांड्यापासून उपकर्णधारपदापर्यंत ते पोचले होते आणि धाकटा भाऊ कर्णधार झालेला त्यांनी पाहिला होता. संघ सोडला असता तर काय उरले असते, हा प्रश्न त्यांना खरा वाटला असणार. आत राहून झगडणारा माणूस आणि बाहेर पडून झगडणारा माणूस असे दोन मार्ग आपल्या समाजात तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांत चांभार आणि महार असा भेद पाडण्याचे काम प्रस्थापित पक्षांनी तेव्हाही केले आणि आपण ते त्यांना करू दिले.

मात्र एक गोष्ट बाळूंच्या आयुष्यातूनच सिद्ध होते. १९२० मध्ये जे मिळाले ते आत राहून विनंती केल्याने मिळाले नाही. धाकट्या भावांनी बाहेर पडून खेळायचे नाकारले, तेव्हा मिळाले. ती माघार त्या दोघांची स्वतःची होती. त्यासाठी कोणत्याही समितीची परवानगी त्यांनी घेतली नाही. आणि १९३७ मध्ये बाळू उभे राहिले तेव्हा त्यांना कोणी निवडले होते? काँग्रेसच्या समितीने. ज्यांनी मैदानावर त्यांना कधी कर्णधार केले नाही त्याच थरातल्या लोकांनी, समोर आंबेडकर आहेत म्हटल्यावर, त्यांना आघाडीवर पाठवले. गोलंदाजी त्यांनी करायची, डाव दुसऱ्यांचा. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत हाच डाव पुन्हा खेळला गेला आणि त्या वेळी काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून बाबासाहेब हरले. ही मला बाळूंची शोकांतिका वाटते, त्यांचा गुन्हा नव्हे.

६

बाळू पालवणकर १९५५ मध्ये मुंबईत वारले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, प्रत्येकी सुमारे पंधरा धावांत एक, असा त्यांचा हिशेब आहे. विठ्ठलांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडाजीवन' हे आत्मवृत्त लिहिले. आपण दलित आत्मकथनांची परंपरा सांगताना ते पुस्तक मोजत नाही. मोजले पाहिजे. ते आपल्या मनासारखे नसेल, त्यात आपला सूर नसेल. तरी एका अस्पृश्य घरातल्या माणसाने मराठीत स्वतःचे आयुष्य मांडले आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात अर्धेच दिले होते. आपल्यातला कर्णधार झाला, हे सांगून मुले खूश झाली. उरलेले अर्धे उत्तर असे आहे, की कर्णधार कोण झाला यापेक्षा त्याला कोणी निवडले हे आधी विचारायचे असते. गावच्या सरपंचापासून विद्यापीठाच्या समितीपर्यंत आणि साहित्य संमेलनाच्या व्यासपीठापासून पक्षाच्या उमेदवारीपर्यंत आज आपली माणसे दिसतात. जागा आहेत. परंतु ती यादी कोणत्या खोलीत तयार होते, त्या खोलीत आपण आहोत की नाही, आणि नसलो तर विठ्ठल आणि शिवराम यांच्यासारखे 'आम्ही खेळत नाही' असे सांगण्याची तयारी आपल्यात आहे की नाही, हे प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला विचारावे.

पुढच्या आठवड्यात तोच मुलगा ग्रंथालयात आला आणि विठ्ठल पालवणकरांचे पुस्तक आहे का म्हणून विचारू लागला. आमच्या ग्रंथालयात ते नाही. मागणीपत्र मी भरून दिले आहे. ते मंजूर करणारी समिती कोणाची आहे, हेही मी त्याला सांगितले.